द्वारकाकाकूंचा खरखरता रेडिओ

फार पूर्वी, परदेशातलं पत्र पोचायला महिना लागायचा त्या काळची ही गोष्ट. द्वारकाकाकूंच्या फळीवर बाजारातून स्वस्तात आणलेला एक छोटा शॉर्टवेव्ह रेडिओ राहायचा. रोज दिवेलागणीला काकू त्याची एरियलची वायर अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या तारेला जोडायच्या आणि सातासमुद्रापलीकडचं एक स्टेशन लावायच्या. तिथली भाषा त्यांना ओ का ठो कळत नसे. त्यातही निम्मा वेळ नुसती खरखर.

फळीवरचं शेजारचं गजराचं घड्याळ नाक मुरडायचं. "अरे, निदान त्यांना समजेल असं तरी बोल. नाहीतर एक दिवस भंगारात जाशील!"

रेडिओ हिरमुसला. दुसऱ्या दिवशी त्याने आपला काटा हळूच सरकवला आणि जवळच्या स्टेशनवरचं स्वच्छ मराठी भजन ऐकवलं. आता काकू खूश होतील, असं त्याला वाटलं.

काकूंनी चष्मा चढवला आणि काटा सावकाश मागे आणला. आधी खर्रर्र झालं, मग ती परकी भाषा आली.

"असं करू नकोस रे बाबा," त्या रेडिओला म्हणाल्या. "माझी लेक सुमती लग्न होऊन त्या देशात गेलीय. हेच शब्द तिच्या कानावर रोज पडतात. मला नाही कळले तरी चालतील."

मग रेडिओच्या जाळीजवळ तोंड नेऊन त्यांनी हळूच विचारलं, "जेवलीस का गं?"

घड्याळाने आपली टिकटिक हळू केली, आणि रेडिओ जीव ओतून खरखरू लागला.