सरदारांचा जिना

नेपल्समधलं स्वस्त हॉटेल शोधताना मुकुंदराव खरोट्यांनी भाडं तेवढं पाहिलं, लिफ्ट आहे का ते पाहायचं राहिलं. खोली निघाली चौथ्या मजल्यावर. प्रवासाने शिणलेल्या त्यांच्या पत्नी निर्मलाताई खालीच बॅगेवर बसल्या.

मालक मिशीला पीळ देत म्हणाला, "लिफ्ट कशाला? या जिन्याने मोठमोठे सरदार चढून गेलेत. आम्ही अजून सगळं जुन्या रीतीनेच करतो."

"सरदार आपल्या पेट्या स्वतः न्यायचे?" निर्मलाताईंनी विचारलं.

"छे. पाहुण्याला ओझं उचलू देणं म्हणजे या घराचा अपमान. आमचे पणजोबा स्वतः न्यायचे."

"मग रीत मोडू नका," म्हणत त्या बॅगेवरून उठल्या.

मालक बॅग उचलायला वाकला. बाहेर जेवायचा खर्च वाचावा म्हणून आणलेले तांदूळ त्या बॅगेत होते, डाळ होती, आणि पाच लिटरचा कुकर.