मागपुलाचा कठडा

हा आमचा मागपूल. हसता काय मंडळी? सिमेंटच्या पुलाला लाकडी कठडा, त्यातही एक लाकूड दुसऱ्यासारखं नाही, हे पाहून नवखा माणूस हसतोच. घ्या हसून. पण कमळापूरचा खासदार दिल्लीत नाही, या कठड्यापाशी खासदार होतो, एवढं लक्षात ठेवा.

आमचा मतदारसंघ म्हणजे या ओढ्याचे दोन काठ. अलीकडे विणकरांच्या पेठा, मोमीनपुरा, जुना बाजार. पलीकडे गिरणीच्या चाळी, वडारवाडी, रेल्वेची क्वार्टर. पुढे हद्दी बदलल्या, नव्या कॉलन्या आल्या, ओढा मात्र मधोमधच राहिला. देशातली पहिली निवडणूक आली तेव्हा हे दोन काठ पहिल्यांदा एका दाव्याला बांधले गेले. तोवर काठाकाठांत विस्तव जात नव्हता, असे सांगतात.

अलीकडून उभा होता व्यंकटेश गड्डम, नरसय्या विणकराचा पोटचा मुलगा. पलीकडून गिरणीतले पुढारी दामोदर खरात. पक्की शाळा फक्त अलीकडे, म्हणून पलीकडच्यांनाही मत द्यायला इकडेच यायचं होतं. आणि नेमकी मतदानाच्या पहाटे वरच्या तलावाची भिंत फुटली. होता तो एकच पूल ओढ्यात गेला.

अलीकडे आनंदीआनंद! पलीकडचं एक मत येत नाही, म्हणजे व्यंकटेश निवडून आलाच. कुणीतरी गुलालही आणला म्हणे. नरसय्या पोराचं कौतुक पाहायला काठावर आला. समोर पलीकडची माणसं ठेवणीतले कपडे घालून उभी होती. त्यांत गिरणीत राबणारी धुरपदाबाई होती. तिच्या अंगावर नरसय्यानेच विणलेलं लुगडं होतं. त्याला पाहून ती ओरडली, "नरसय्या, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलंय रे! अन् मी इथंच उभी!"

नरसय्या माघारी वळला. घरी गेला आणि आपला माग खोलायला बसला. बापाने बसवून दिलेला माग, त्यावर अर्धं विणलेलं लुगडं तसंच होतं. ते त्याने कापलं.

व्यंकटेश धावत आला. "नाना, काय करताय हे? ती सगळी माझ्या विरोधात मत देणार!"

"देऊ देत की."

"मी पडेन, नाना. आणि माग मोडलात तर उद्या खायचं काय?"

"ते बघू. पण त्यांना तिकडे ठेवून निवडून आलास, तर अर्ध्या गावाचा खासदार होशील. मला लाज वाटेल रे तुझी."

म्हातारा लाकडं खांद्यावर घेऊन निघाला. ते पाहून आधी शेजाऱ्यांनी शिव्या दिल्या. मग एकेकाने आपापले माग खोलले. ओढ्याचं पाणी थोडं ओसरलं होतं. सुताचे दोर वळून लाकडं एकमेकांना बांधली, पलीकडच्यांनी तिकडून ओढून धरली. तरी शेवटी एक लाकूड कमी पडलं. तेव्हा व्यंकटेश घरी गेला आणि आपल्या मागाची तुळई घेऊन आला. ती त्याने स्वतः बांधली. रडत होता, असे सांगतात, आणि मला ते खरं वाटतं. मी असतो तर भोकाड पसरलं असतं.

धुरपदाबाई सगळ्यांत आधी ओलांडून आली.

व्यंकटेश पडला. दामोदर खरात निवडून आले. लोक गुलाल घेऊन धावले, पण त्यांनी कपाळाला बोट लावू दिलं नाही. सागाची नवी तुळई खांद्यावर घेतली आणि पूल ओलांडून तडक नरसय्याच्या दारात आले. मागे अख्खी गिरणी, प्रत्येकाच्या खांद्यावर लाकूड. म्हणाले, "नरसय्या, आधी तुमचा माग उभा राहू दे. मग मी खासदार."

त्या रात्री पेठेत माग उभे राहिले. एक तुळई उरली. ती दामोदर आणि व्यंकटेशने मिळून पुलाला कठडा म्हणून बसवली.

पुढे पूल सिमेंटचा झाला, पण आजही निकालानंतर निवडून आलेला एक लाकूड आणतो, पडलेला त्याचं पुढचं टोक धरतो, आणि दोघं ते इथे ठोकतात. पक्ष कुठलाही असो. एकदा एका विजयी उमेदवाराने टाळाटाळ केली. गावाने गुलालाची पोतीच उघडू दिली नाहीत. तिन्हीसांजेला आला मुकाट्याने.

आजही ठोकणं संपलं की पलीकडच्या काठावरून तिथली सगळ्यांत वयस्कर बाई हाक देते, "मला विचारलंत का रे?" आणि जिंकलेला नाही, हरलेला उत्तर देतो, "विचारलंय, आई. या, वाट केलीय."