गोडखेडची वाकडी लाईन

गोडखेडच्या शिवारात शिरताच छोट्या गाडीची लाईन एकदम अंग चोरते. मैलोगणती सरळ आलेली, आणि इथे, ना डोंगर ना नदी, एका साध्या विहिरीला वळसा घालून पुढे जाते. हा सगळा खारपाणपट्टा. कुठेही खणा, पाणी तोंडात धरवत नाही. गोड आहे ती एवढी एकच, साती आसरांची, पाण्यातल्या सात देवींची विहीर.

हे वळण काढून लाईन सरळ करायची म्हणून यंदा चैत्रात मोजणीला दोन तरुण इंजिनिअर आले. गावातल्या पंचफुलाबाईंनी त्यांना विहिरीजवळच्या निंबाच्या सावलीत बसवलं. पंचाहत्तरीची बाई, पण आवाज अजून खणखणीत.

"लाईन पुसत आले, बापा, त कोनती ते सांगा," त्या म्हणाल्या. "गाडीची लाईन हाये. गँगमनची चाळ हाये, तेबी लाईनच. राशनच्या दुकानापुढं लाईन. संध्याकाळी जाते अन् पंखा बंद पडते, तेबी लाईन. पोट्टे पोरींच्या मागं लागले त त्येलेही लाईनच म्हनतात."

दोघे हसले.

"पन आमची लाईन निराळी. ते आमी बांधतो."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

या मुलखात रेल्वे नुकती येऊ लागली होती, तेव्हा गावात सगुणा नावाची एक सून होती म्हणे. नवरा तुळशीराम कोरडवाहू रानात जवस पेरायचा. सगुणा व्रतवैकल्याची बाई. शुक्रवार कधी मोडला नाही, आसरांना हळदकुंकू वाहिल्यावाचून घागर भरली नाही. चढ्या आवाजात बोलणं तर तिला ठाऊकच नव्हतं.

फाल्गुनातल्या एका सकाळी ती पाण्याला गेली तर विहिरीच्या अल्याड एक खुंटी, पल्याड एक खुंटी, आणि मधे विहिरीच्या तोंडावरून ताणलेली पांढरी दोरी. शेजारच्या गावचा दौलत मुकादम मजुरांची टोळी घेऊन बसला होता.

"हे काय होय, भाऊ?"

"साहेबाची लाईन. इथून आगगाडी जाईन. विहीर बुजवा लागते."

"अन् पानी?"

"साहेब म्हनते, दुसरी खना."

"अकरा खनल्या आमच्या आज्यापंज्यानं," सगुणा म्हणाली. "अकराही खाऱ्या निंगाल्या. बारावी कुठं हाये ते साहेबाले दाखव म्हना."

 गावातले कर्ते पुरुष रेल्वेच्या गोऱ्या साहेबाच्या तंबूत जाऊन विनवण्या करून आले. कागदावर ओढलेली लाईन वाकत नाही, एवढंच उत्तर मिळालं. तुळशीरामही बायकोला म्हणाला, "सरकारापुढं आपलं काय चालते?"

सगुणेने वाद घातला नाही. मळणी होऊन पडलेल्या जवसाच्या काड्या तिने भिजत घातल्या, कुजल्यावर बडवल्या, त्यातला वाख काढून मांडीवर धागा वळला, त्याला हळद लावली. शुक्रवारी न्हाऊन ती विहिरीवर आली. आसरांच्या दगडापासून समोरच्या निंबापर्यंत तिने तो धागा बांधला, साहेबाच्या दोरीला बरोबर आडवा. मजूर बघत होते, गाव बघत होता. जन्मात पहिल्यांदा ती मोठ्याने बोलली.

"हे माह्यं व्रत होय. साहेबाची लाईन वाकत नाही तोवर ह्या विहिरीचं पानी मी तोंडाले लावनार नाही. खारं पेईन. पन दुसऱ्या कोनाले नाही म्हननार नाही, अन् धागाही सोडनार नाही."

व्रताचा धागा उद्यापनाआधी तोडायचा नसतो, हे त्या मुलखात लहान पोरालाही कळतं. मजुरांनी फावडी खाली ठेवली. साहेबाचं फर्मान आलं तेव्हा दौलत कोयता घेऊन धाग्यापाशी गेला. सावली एका दगडावरून दुसऱ्या दगडावर गेली तरी त्याचा हात उचलला गेला नाही.

"झाड म्हना, तोडतो, साहेब," तो म्हणाला. "हे माह्याच्यानं होत नाही."

मग दुरून दुसरे मजूर आणले. उन्हातून आले, तहानलेले. सगुणेने पोहरा ओढला आणि एकेकाच्या ओंजळीत गोड पाणी ओतलं. पाणी पिऊन त्यांनी विचारलं, हा धागा कशाचा? कुणीतरी सांगितलं. तेही सावलीला जाऊन बसले.

चैत्र सरला, वैशाख लागला. सगुणेचे ओठ फाटले, पायांवर सूज आली. गोड पाण्याच्या घागरी दुसऱ्यांना भरून देताना तिला धाप लागायची. तुळशीरामला पाहवेना.

"एक घोट पे. आसराही डोये झाकतीन तेवढ्यापुरते."

"त्या झाकतीन," सगुणा म्हणाली. "मी कशी झाकू?"

 दुसऱ्या दिवसापासून तुळशीरामही खारं पिऊ लागला, असं सांगतात.

अखेर साहेब स्वतः घोड्यावरून आला. टळटळीत दुपार. सगुणेशेजारी तांब्या होता. ती काही बोलायच्या आत त्याने तो उचलून तोंडाला लावला आणि भसकन थुंकला. विहीर गोड म्हणतात आणि हे काय, असं त्याने रागाने विचारलं. तेव्हा दौलतने सगळं सांगितलं. ही बाई गोड पाणी वाटते आणि स्वतः हे पिते. फाल्गुनापासून.

 साहेबाने धाग्याला नुसतं बोट लावलं. कशाचा आहे? जवसाचा, दौलत म्हणाला. साहेबाला नवल वाटलं. आमच्याकडे फार मागे जवसाच्या धाग्यालाच लाईन म्हणत, तो म्हणाला. तोच ताणून सुतार-गवंडी माप धरायचे, म्हणून सरळ रेघ ती लाईन झाली, आणि तिच्यावरून ही गाडीची.

दौलतने हे समजावून सांगितलं. सगुणा दम घेत म्हणाली, "म्हंजे त्यायची लाईन माह्या धाग्याची लेक झाली. लेकीनं मायची विहीर बुजवू नाही. सांग त्यायले."

दौलतने ते कसं सांगितलं कोण जाणे. पण साहेबाने स्वतःच्या हाताने खुंटी उपटली आणि पन्नास हात पलीकडे नेऊन ठोकली. कचेरीच्या कागदात निराळंच कारण लिहिलंय म्हणतात: इंजिनाच्या बॉयलरला खारं पाणी चालत नाही, सबब विहीर राखली. असेल तसंही.

गावाने सगुणेपुढे गोड पाण्याचा तांब्या धरला. तिने तो परत केला. "खुंटी हालली. लाईन कुठं वाकली अजून?" सगळा पावसाळा ती खारंच प्यायली. कार्तिकात रूळ पडले, विहिरीला वळसा घालून गेले; त्या वळणावर ती पायी चालून आली, आसरांची ओटी भरली, धागा सोडला, आणि मग ओंजळ भरून प्याली.

पंचफुलाबाई थांबल्या. धाकट्या इंजिनिअरने चाचरत विचारलं, "पण आजी, वळण काढलं तर गाडीची दहा मिनिटं वाचतील."

"वाचतीन ना. सगुणामायचे नऊ महिने गेले." त्यांनी पोहरा ओढून दोघांच्या ओंजळीत पाणी घातलं. "प्या पोटभर. मंग तुमाले काय करा लागते ते करा. आमी इथंच हावो."

दोघे प्याले. उठून पाहिलं तर आसरांच्या दगडापासून निंबापर्यंत हळदीचे धागे होते, एकावर एक, चाळीस तरी असतील. थोरल्याने मोजणीचं यंत्र उघडलंच नाही.

आजही फाल्गुनातल्या शेवटच्या शुक्रवारी गोडखेडच्या बाया जवसाचा धागा वळून लाईन बांधतात, येणाऱ्याजाणाऱ्याला गोड पाणी देतात, आणि स्वतः दिवसभर खारं पितात; संध्याकाळी धागा सोडून मगच गोड. यंदा मात्र शुक्रवार उलटून गेला तरी कोणीच आपला धागा सोडलेला नाही.