अकरा स्क्रू

“मग, अण्णा? चांगला आहे की नाही?”

सम्मेदनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

पारिसअण्णा मगदूम पुढं वाकले. त्यांनी टेबलावरचा नवा मदरबोर्ड दोन्ही हातांनी उचलला, उभा धरला आणि त्याच्या पाठीवर बोटानं हलकेच टिचक्या मारल्या. मग थांबले.

इचलकरंजीत अण्णांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान मागांच्या शेडला लागून होतं. शेजारचे माग दिवसभर खडखडत. सुताचे बारीक तंतू उडत येत, पंख्यांत अडकत, आणि त्या उबेत मुंग्या घर करत. म्हणून कुठलंही मशीन हातात आलं की अण्णा आधी टिचक्या मारायचे आणि वाट बघायचे. आतला जीव बाहेर पडेपर्यंत वीज द्यायची नाही, हा त्यांचा नेम. गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

“नवाकोरा आहे, अण्णा,” सम्मेद म्हणाला. “आत्ता तुमच्यासमोर खोक्यातून काढला. यात मुंगी कुठली?”

“नसंल की,” अण्णा म्हणाले. आणि वाट बघत राहिले.

सम्मेद चौगुले याच दुकानात झाळकाम, म्हणजे सोल्डरिंग, शिकला होता. बारावीच्या सुट्टीत. मग तो परदेशी गेला, शिकला, तिथल्या एका मोठ्या कंपनीत बोर्डाचे नकाशे काढू लागला. गेल्या वर्षी सगळं सोडून परत आला. असा बोर्ड आपल्याकडे का होऊ नये, एवढा एकच प्रश्न तो बरोबर घेऊन आला होता, आणि भेटेल त्याला विचारत होता.

हा बोर्ड म्हणजे त्याचं उत्तर. त्यानं आणि त्याच्या भागीदार मैत्रिणीनं, ऋजुतानं, पुण्यात चौदा महिने खपून तो तयार केला होता. गेम खेळणाऱ्यांसाठी. आणि त्यांच्याहून वेड्या लोकांसाठी. कंपनीनं प्रोसेसरला जो वेग ठरवून दिलेला असतो, त्याच्या पुढे त्याला पळवून बघणाऱ्यांसाठी.

आज पाच वाजता बोर्डाचे नकाशे कारखान्याला जायचे होते. एकदा गेले की बदल नाही.

नकाशे पाठवण्याआधी अण्णांना दाखवायचं, हे सम्मेदनंच ठरवलं होतं. तीन महिने प्रयोगशाळेत तपासलं त्यात तुझे अण्णा आणखी काय बघणार, असं ऋजुतानं विचारलंही होतं. तो म्हणाला होता, अण्णा नाही म्हणाले तर नाही.

आता घड्याळात तीन वाजले होते, आणि ते वाक्य त्याला जरा जड जात होतं.

त्यानं पुन्हा सांगायला सुरुवात केली. तांब्याचे थर किती जाड आहेत. प्रोसेसरला वीज वीस वाटांनी कशी पोचते. वरचं काळं झाकण एकसंध आहे, मध्ये कुठं भोक नाही, बटण नाही. नदीतल्या दगडासारखं दिसतं. बोलता बोलता त्याचे डोळे चमकले.

अण्णांनी सगळं ऐकलं. चष्मा पुसला.

“कुणासाठी हाय?”

“ज्याला थांबायचं नाही, त्याच्यासाठी.”

“हे खोक्यावर छापणार?”

“छापलंय.”

“झकास हाय.”

हे कौतुक की टोमणा, ते सम्मेदला कळेना.

तेवढ्यात रुक्साना मुल्लाणी आली. नाट्यगृहामागं तिचा गेमिंग कॅफे होता. कॅफेतलं एक मशीन तिनं काखोटीला मारून आणलं होतं. कुण्या हौशी गड्यानं त्याचा वेग भलताच वाढवून ठेवला होता, आणि सकाळपासून पडदा काळा होता.

अण्णांनी टिचक्या मारल्या. थांबले. चार मुंग्या निघाल्या, त्यांना टेबल उतरू दिलं. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक बोर्डाच्या कडेच्या दोन पिनांना एकदम टेकवलं, आणि वीज दिली. मशीन वेडे आकडे विसरून मूळ वेगावर आलं. पडदा उजळला.

निघताना रुक्सानाचं लक्ष नव्या बोर्डाकडे गेलं. तिनं तो निरखून पाहिला. एक आमच्या कॅफेला दे सम्मेदभाई, म्हणाली, दोन दिवसांत वाट लावून दाखवतो आम्ही.

हा तुमच्या गिऱ्हाइकांसाठी नाही, असं सम्मेदनं हसत सांगितलं. ज्याला आपण काय करतोय हे कळतं, त्याच्या हातात हा शोभेल.

“मग ठेव बाबा शोकेसमध्ये,” रुक्साना म्हणाली आणि गेली.

अण्णा खुदकन हसले. मग स्टूल ओढून बसले.

“जोड.”

सम्मेदनं बोर्ड जोडला. प्रोसेसर, मेमरी, विटेएवढं ग्राफिक्स कार्ड, पडदा. हात सराईत होते. मशीन झोकात सुरू झालं.

“आता वर ने.”

प्रोसेसरचा ठरलेला वेग पाच पॉइंट सात गिगाहर्ट्झ होता. सम्मेदनं सहा पॉइंट दोन लावला. चाललं.

“आनि?”

त्यानं सहा पॉइंट चार लावला. मेमरीही ताणली. अण्णांकडं न बघता कळ दाबली.

पंखे फिरले. पडदा काळा.

“असं होतं कधीकधी,” सम्मेद म्हणाला. “तीनदा अडखळला की तो आपोआप मूळ आकड्यावर येतो. मीच तसं लिहिलंय.”

बोर्ड तीनदा अडखळला.

चौथ्यांदाही अडखळला.

…

“आण त्याला परत,” अण्णा म्हणाले.

त्यांनी स्क्रूड्रायव्हर पुढं केला. सम्मेदनं तो घेतला, पण टेकवणार कुठं? त्याच्या बोर्डालाही त्या दोन पिना होत्या. काळ्या झाकणाखाली. आणि झाकणावर ग्राफिक्स कार्ड बसलं होतं. त्या पिनांचं काम करणारं एक बटण त्यानं आधी नकाशात कडेला काढलं होतं, मग खोडलं होतं. दगडासारखं दिसत नव्हतं.

त्यानं वीज बंद केली. वायरी सोडवल्या. कार्डाची खिट्टी कार्डाच्याच आड होती. बोट जाईना. पेन्सिल घातली, तर पेन्सिल मोडली. तिसऱ्या खटपटीला कार्ड सुटलं.

मग झाकण. स्क्रू बारीक होते, तिळाएवढे.

पहिला निघाला तसा अण्णांनी तळहात पुढं केला. सम्मेदनं स्क्रू त्यावर ठेवला. दुसरा ठेवला. तिसरा. अण्णांचा हात जरासुद्धा हलत नव्हता.

त्याच्या कपाळावरून घाम ओघळला. अण्णांनी दुसऱ्या हातानं पंखा त्याच्याकडं वळवला.

अकरा.

झाकण निघालं. पिना दिसल्या. काम क्षणाचं होतं. मग पुन्हा झाकण, पुन्हा अकरा स्क्रू, पुन्हा कार्ड, पुन्हा वायरी. शेजारी एक माग थांबला, सूत सांधलं गेलं, परत सुरू झाला. सम्मेदनं घड्याळ बघितलं. चार वाजून पाच मिनिटं.

मशीन सुरू झालं. पडदा उजळला.

सम्मेदनं सुस्कारा सोडला. आला ना परत, म्हणाला. त्यात काय.

“आला की,” अण्णा म्हणाले. “आता पुन्हा ने वर.”

सम्मेदनं आकडा लावला. मेमरीला हात लावला नाही. कळ दाबली. चाललं. त्यानं पडदा अण्णांकडं वळवला.

अण्णा आकडा बघत राहिले.

“मघाशी किती लावला हुतास?”

“सहा पॉइंट चार.”

“आनि आता?”

सम्मेदनं पडद्याकडं पाहिलं. जणू तो आकडा दुसऱ्याच कुणी लावला होता.

…

“पाच पॉइंट नऊ.”

“बोर्ड बदललास?”

“नाही.”

“प्रोसेसर?”

“नाही, अण्णा.”

अण्णांनी मान डोलावली आणि ते आपलं भिंग पुसायला लागले.

सम्मेद चिडला. वेळ कमी होता म्हणून खाली लावला, म्हणाला. पुन्हा सगळं खोलत बसायला सवड कुठं होती? आणि हा बोर्ड ज्याच्यासाठी आहे, त्याला आपण काय करतोय हे कळत असतं, त्याच्यावर अशी वेळच…

“तुला कळत न्हाई व्हय?”

अण्णांनी हे अगदी मायेनं विचारलं. झाळकाम शिकताना त्याचं भाजलेलं बोट बघायचे, तसं.

सम्मेदनं काळ्या झाकणावरून एकदा बोट फिरवलं.



मग त्यानं फोन काढला. ऋजुताला नकाशे थांबवायला सांगितलं. तिकडून आवाज चढला.  आजची वेळ हुकली तर कारखाना तीन आठवड्यांनी पुढची देणार होता. पुढच्या महिन्यातल्या प्रदर्शनात रिकाम्या टेबलामागं उभं राहावं लागणार होतं. सम्मेद सगळं ऐकत राहिला. मध्ये एकदाही त्यानं तिला तोडलं नाही. चूक माझी आहे, एवढंच म्हणाला.

शेवटी तिनं विचारलं, अण्णा नेमकं म्हणाले काय?

“काही नाही म्हणाले,” सम्मेद म्हणाला. “स्क्रू धरले.”

ती हसली की रडकुंडीला आली, ते त्याला फोनवरून कळलं नाही. पण तिनं नकाशे थांबवले.

त्यानं फोन खिशात ठेवला, आणि खूप वर्षांनी त्या दुकानात शिकाऊ आवाजात बोलला.

“बटण कुठं ठेवू, अण्णा?”

अण्णा उठले. जोडलेल्या मशीनसमोर उभे राहिले. डोळे मिटले. मग हात सैल सोडून बोर्डाच्या दिशेनं नेला. कुठं धडकला नाही, कशाखाली शिरला नाही. बोट टेकलं ते वरच्या उजव्या कडेला, नेमकं काळ्या झाकणावर.

बोट तिथंच राहिलं.

सम्मेदनं मोडक्या पेन्सिलीनं त्याभोवती गोल काढला. चकचकीत झाकणावर तो वेडावाकडा उमटला.

त्यानं गोलाकडं डोळे भरून बघितलं. झाकण कापावं लागणार होतं. साचा नवा. खोक्यावरचं चित्र नवं. दगडासारखं आता ते कधीच दिसणार नव्हतं. हे सगळं तो मोठ्यानं बोलत होता, पण आवाजात तक्रार उरली नव्हती. शेवटी त्याला हसूच आलं.

“आणि गंमत बघा, अण्णा. एवढा खटाटोप करून वेग आहे तेवढाच राहणार.”

अण्णांनी डोळे उघडले.

“राहायचा न्हाई,” ते म्हणाले. “परत यायला अकरा स्क्रू नसले, की पाच पॉइंट नऊवर कोन थांबतंय?”