देवी खाली न्यायची ठरली

"मग देवी खाली कधी न्यायची, बाबा?"

दौलतराव खुटवड उभ्यानेच विचारत होते. देवस्थानचे अध्यक्ष. मागे गावातली आणखी चार मोठी माणसं. मोठी म्हणजे वयाने.

डोंगरातून हायवेचा बोगदा झाला आणि वर घाटजाईच्या देवळासमोरचा रस्ता ओस पडला. नारळाची दुकानं बंद, चहाची बंद. बोगद्याला जमिनी दिल्या तेव्हा हीच माणसं गळ्यात हार घालून फोटोला उभी होती. आता म्हणत होती, देवी बोगद्याच्या तोंडाशी बसवू, गाड्या थांबतील, गाव जगेल.

जागा कुणाची? हौसाबाईची. गावात उरलेलं शेवटचं भातखाचर. त्यात भराव टाकायला मुरमाचा डंपर बांधावर येऊन उभाही होता. देवाच्या कामाला नाही म्हणू नये, असं रोज कुणीतरी तिला ऐकवून जाई. ऐकवणाऱ्यांनी आपापली खाचरं कधीच विकली होती.

हौसाबाई देवळाच्या पायरीवर बसली होती. देणार नाही, एवढंच ती बोलली होती. एकदाच.

आता फक्त गोसावीबाबांचा होकार बाकी होता. देवीची पूजा त्यांच्याकडे.

बाबा उठले. हौदातून पत्र्याचा डबा भरून आणला आणि दौलतरावांपुढे धरला.

"गाडीत ओत."

"कशाला?"

"घाट चढून आलास ना? इथं सगळेच ओतायचे."

दौलतराव हसले. "त्या जुन्या गाड्या, बाबा. तापायच्या. थांबावंच लागायचं. ही नाही तापत."

"गार होईपर्यंत काय करायचे लोक?"

"काय करणार? चहा प्यायचे. नारळ फोडायचे…"

हसू अर्ध्यावर राहिलं.

"आज तू फोडलास?"

मागचे चौघे एकमेकांकडे बघू लागले. नारळ कुणीच आणला नव्हता.

"ते राहू द्या," दौलतराव म्हणाले. "देवी न्यायची म्हणजे न्यायची. ठरलंय आमचं."

बाबांनी डब्यातलं पाणी परत हौदात ओतलं. डबा खुंटीला अडकवला.

"नेऊ की. देवी मी एकटा खांद्यावर घेतो. हा घाटाचा चढ तेवढा तुम्ही उचलून आणा."