कपाटाखालची पाचर

एका राज्यात एक कपाट होते. राजाही होता, पण कथा कपाटाची आहे, म्हणून त्याला आधी मान. कपाट शिसवी, हत्तीएवढे उंच, दार एकच. आत ना सोने, ना मोती. एका म्हाताऱ्या मांत्रिकाने राज्यातला सगळा विसर गोळा करून त्यात कोंडला होता. त्यामुळे त्या राज्यात कोणी काही विसरत नसे. सासवा सुनांच्या चुकाही विसरत नसत, पण ते सोडा.

एका दसऱ्यानंतर त्या दाराला बोटभर फट पडली. ढकलले की लागे, हात काढला की पुन्हा उघडे. फटीतून विसर झिरपू लागला. आचारी मीठ विसरला, पहारेकरी वेस लावायला विसरले, भटजी तर मंगलाष्टके अर्ध्यावर सोडून मांडवातून घरी गेले. राजा पद्मसेनाने सुतार बोलावले. पहिल्याने दाराची कड तासली, दुसऱ्याने बिजागऱ्या बदलल्या, तिसऱ्याने हातोडा घेऊन नुसतेच ठोकले. बोटभर फट वीतभर झाली.

राजवाड्यामागच्या आळीत रंगू सुतारीण राहत होती. आई लहानपणीच गेलेली. बापाने तिला वाढवले, रंधा धरायला शिकवले. एका सकाळी तिने बापापुढे भाकरी ठेवली, तर म्हातारा हात जोडून म्हणाला, "बाई, देव तुमचं भलं करो. पण आपण कोणाच्या?"

"तुमचीच," ती कशीबशी म्हणाली. मग हत्यारांची पिशवी उचलून ती तडक राजापुढे उभी राहिली.

"महाराज, दार मी लावते."

"बाई, तीन सुतार हरले."

"माझा बाप मला विसरलाय, महाराज. मला हरून चालायचं नाही."

राजाने वाट मोकळी करून दिली.

कपाटाच्या दालनाबाहेर चिंचेचे झाड होते. त्याच्या ढोलीतला सुतारपक्षी बोलला, "पोरी, पिशवी खाली ठेव. आल्या आल्या हत्यार चालवतो तो सुतार कसला? पहिल्या दिवशी नुसतं बघ, दुसऱ्या दिवशी ऐक, तिसऱ्या दिवशी हात ठेव. आणि जे जपायचं ते पदराच्या गाठीत बांध. गाठीतलं विसराला खाता येत नाही."

रंगूने पदराला तीन गाठी मारल्या. पहिलीत घराची वाट सांगितली, दुसरीत स्वतःचे नाव, तिसरीत बापाचे.

पहिल्या दिवशी ती बघत बसली. फट वर रुंद होती, खाली मात्र दार चौकटीला घासत होते. दाराच्या फळ्या सरळच होत्या. संध्याकाळी उठली, तर घर कुठल्या दिशेला ते आठवेना. तिने पहिली गाठ सोडली आणि वाट पायांपुढे उलगडली. घरी म्हाताऱ्याने तिला पाहुणी म्हणून पाट मांडला. तिने त्याला गरम भात वाढला.

दुसऱ्या दिवशी ती ऐकत बसली. वारा आला की कपाट 'टक' म्हणे. आवाज बिजागरीचा नव्हता, खालून येत होता. निघताना पहारेकऱ्याने नाव विचारले, ते तिला सांगता येईना. दुसरी गाठ सोडली, तर "रंगू!" असा तिचाच आवाज आतून आला. पहारेकऱ्याने तो ऐकून तिला जाऊ दिले.

तिसऱ्या दिवशी तिने डोळे मिटून कपाटाला हात लावला. कपाट डुगडुगले. पुढचा डावा पाय जमिनीला टेकतच नव्हता. कपाट कलले म्हणून चौकट कलली, चौकट कलली म्हणून दार लागेना. बिचाऱ्या दाराने उगाच मार खाल्ला होता.

"महाराज, या पायाखाली काय होतं?"

"आठवत नाही," राजा म्हणाला, आणि ते खरेच होते.

सुतारपक्षी खिडकीत येऊन बसला. "मला आठवतं. दसऱ्याच्या झाडलोटीत इथे एक काळी पाचर दिसली. महाराज, आपणच म्हणालात, हा कचरा काढा. मांत्रिक बजावून गेला होता, की कपाटाच्या आधाराला जो कचरा म्हणेल, दार त्याचं ऐकणार नाही. पाचर मी ढोलीत जपली आहे. पण ती आपल्याच हाताने बसायला हवी, आणि घडवणाऱ्याचं नाव घेऊन."

त्याने अंगठ्याएवढे लाकूड आणून रंगूच्या हातावर ठेवले.

घडवणारा कोण? राजाला ठाऊक नाही, प्रधानाला ठाऊक नाही. रंगूकडे पाहिले, तर तिला आपण इथे का आलो तेही आठवेना. फक्त पदराला एक गाठ उरली होती. कोणीतरी आहे, तिला वाटले, ज्याला जपायचं म्हणून मी ही मारली. तिने गाठ सोडली.

"कान्होजी," गाठ म्हणाली.

रंगूला हुंदका आवरेना. "माझा बाप, महाराज! ही पाचर त्याच्या हातची आहे, त्याची तासणी मी ओळखते."

राजाने मुकुट काढून फरशीवर ठेवला. रंगूने पहारीने कपाट उचलून धरले. राजा पोटावर आडवा झाला आणि त्याने पाचर पायाखाली सरकवली.

"कान्होजी, तुमच्या एवढ्याशा लाकडावर आमचं राज्य उभं होतं. आम्हाला ते दिसलं नाही. तुमचे फार उपकार आहेत."

दाराची तासलेली कड भरून आली. दार आपणहून फिरले आणि लागले. बाहेर राहिलेला विसर दवासारखा विरून गेला. मुदपाकखान्यातून आचारी ओरडला, "अरे, मीठ!"

रंगू धावत घरी आली. बाप उंबऱ्यात बसला होता. ती पुढे जाईना, हाक मारायलाही धजेना.

"रंगे," म्हातारा म्हणाला, "ती परक्या म्हाताऱ्याला रोज जेवू घालणारी बाई तूच ना गं?"

"परक्याला कुठे, बाबा?"

म्हाताऱ्याने तिचा चुरगळलेला पदर मांडीवर घेतला आणि तो हाताने सरळ करत बसला. त्याचे डोळे वाहत होते, आणि तिचेही.

दर दसऱ्याला तो राजा सिंहासनाच्या आधी त्या पाचरीला फूल वाहू लागला, आणि कान्होजीला शेजारी बसवून त्याच्या हातून सोने घेऊ लागला. त्या राजाला जसा आपला आधार आठवला, तसा तो तुम्हा-आम्हालाही वेळेवर आठवो.