पोचले आणि पोचलो

एका कालव्याच्या दोन काठांवर दोन गावं होती. एकाचं नाव अल्याड, दुसऱ्याचं पल्याड. खरं तर कुठल्या काठावर उभं राहून बघतो त्यावर ही नावं उलटीसुलटी व्हायला हवीत, पण एवढा एक वाद सोडला तर बाकी सगळे वाद या दोन गावांनी मन लावून घातले होते.

दरवर्षी कार्तिकात, थंडी कोवळी असताना, दोन्ही गावं आवळीभोजनाला निघत. जिथे नदीतून कालवा फुटत होता तिथे एक जुना, ऐसपैस आवळा होता. त्याच्या सावलीत चुली मांडायच्या आणि पोटभर जेवायचं. घरात कुणी मागे राहायचं नाही. तान्ही पोरं कडेवर, म्हातारी माणसं काठी टेकत, सगळ्यांनी चालत जायचं. आधी कालव्याच्या काठानं, मग राजानं लोकांसाठी खुल्या केलेल्या बागेतून, मग दाट राईतून. ज्याचं त्याचं गाव ज्याच्या त्याच्या काठानं जाई आणि दोन्ही वाटा आवळ्यापाशी एक होत.

जे गाव आधी पोचेल ते त्या दिवसाचं यजमान. त्या गावाच्या म्होरक्यानं आवळ्याच्या बुंध्यावर हात ठेवायचा आणि कालवाभर ऐकू जाईल अशी हाक द्यायची, "पोचलो!" मग दुसऱ्या गावानं पाहुणं म्हणून पंगतीला बसायचं. आपल्या शिदोऱ्या सोडायच्या नाहीत, बांधलेल्या तशाच घरी न्यायच्या. फुकट जेवायला मिळतं म्हणून कुणी खूश होत असेल असं वाटतं ना? अजिबात नाही. वाढणाऱ्याचा रुबाब वेगळा आणि वाढून घेणाऱ्याची मान वेगळी.

कित्येक वर्षं यजमानपण पल्याडकडे होतं. अल्याडची माणसं दरवर्षी खाली मान घालून जेवायची आणि बांधलेल्या शिदोऱ्या घेऊन परतायची.

या अल्याडात सगुणा नावाची एक सून होती. तिचं माहेर पल्याड. लग्न झाल्यापासून दर कार्तिकात ती सासरच्या माणसांबरोबर चालत जाई आणि माहेरच्या माणसांच्या हातचं वाढून घेई. तिचा थोरला भाऊ भिवा हा पल्याडचा म्होरक्या. तोच पंगतीत फिरायचा आणि तिच्यापाशी आला की हटकून म्हणायचा, "खा गं सगुणे, लाजू नकोस. माहेरच आहे तुझं."

सगुणाला घास गिळवत नसे. एकदा, एकदाच, सासरच्या माणसांच्या वतीनं आपण भावाच्या पानात वाढावं, एवढंच तिला हवं होतं. देवाकडे तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं.

त्या वर्षी अल्याडच्या पाटलांचा पाय मुरगळला. आता म्होरक्या कोण? सगुणा चालायला वाऱ्यासारखी, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. विहिरीवर गेली गेली म्हणेपर्यंत ती भरली घागर घेऊन दारात उभी असायची.

"पण बाईनं हाक द्यायची?" एक जण म्हणाला.

"बाप्यांनी इतकी वर्षं दिली की," सगुणाची सासू म्हणाली. "काय उजेड पडला?"

सगुणा म्होरकी झाली. त्या सकाळी तिनं पदर खोचला, मान ताठ केली आणि ती गावाच्या पुढे निघाली. सासू मागून सगळ्यांना सांगत होती, "ती पुढची दिसते ना? ती आमची!" जशी काही ती कुणाला माहीतच नव्हती.

चालणं मात्र चालण्यासारखं होईना. कालव्यावर खंड्या दिसला की पोरं थांबत. त्यानं सूर मारला की टाळ्या पिटत आणि दुसऱ्यांदा सूर मारेपर्यंत जागची हलत नसत. बागेत शिरल्यावर बायकांना फुलं दिसली. राईच्या तोंडाशी बोरी लगडल्या होत्या, तिथे तर बापेही बोरं वेचायला वाकले. सासूचा गुडघा धरला होता. ती चार पावलं चालायची आणि कालव्याच्या कठड्यावर टेकायची.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर झाडांमधून भिवाचं लाल मुंडासं दिसलं. तो झपाझप चालला होता.

"सगुणे, तू हो पुढे!" माणसं ओरडली. "आमची वाट बघू नकोस. तू पोच आणि हाक मार, म्हणजे झालं. आम्ही येतो मागनं."

"जा पोरी," सासूही म्हणाली. "माझ्यापायी यंदाही नको."

सगुणा पळत सुटली. राईतली वाळलेली पानं पायाखाली कुरकुरत होती, करवंदीच्या जाळीला पदर अडकत होता. एके ठिकाणी वाट दोन अंगांना फुटत होती, तिथे ती जराही न थांबता उजवीकडे वळली. आणि समोर आवळा! खाली कुणी नव्हतं. फक्त कालव्याच्या दारापाशी म्हातारा पाटकरी बसला होता. हा पाटकरी कालव्याचं पाणी सोडायचा आणि बंद करायचा. दोन्ही गावांना तो सारखंच पाणी देई, म्हणून दोन्ही गावांचा त्याच्यावर सारखाच विश्वास होता आणि सारखाच राग. आधी कोण आलं याचा निवाडा त्याच्याकडे असे.

सगुणानं बुंध्यावर हात ठेवला. खोल श्वास घेतला. "पोच..."

आणि तिची जीभ अडखळली.

तोंडात 'पोचले' आलं होतं. येणारच! जन्मभर ती एकटी कुठे गेली की असंच म्हणत आली होती. विहिरीवर पोचले. माहेरी सुखरूप पोचले. पण हाक तर 'पोचलो' अशी द्यायची होती. सगुणानं तसं म्हणायचं तर तिच्याबरोबर कुणीतरी हवं. तिनं मागे वळून पाहिलं. वाटेवर तिच्यामागे एक कुत्रंसुद्धा नव्हतं.

बाप्यांना ही अडचण कधी पडलीच नव्हती. बाप्या एकटा आला तरी 'पोचलो' आणि गावासकट आला तरी 'पोचलो'. एकाच शब्दात दोन्ही भागत होतं, म्हणून इतक्या वर्षांत त्यांतला कुठला अर्थ खरा हे कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून टाकावं का? रीतीचाच तर शब्द आहे. कोण बघतंय? पलीकडच्या राईत फांद्या मोडल्याचा आवाज आला. भिवा येत होता. सगुणाला आपला राग आला, भाषेचा राग आला, कठड्यावर टेकलेल्या सासूचासुद्धा राग आला. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते तिच्या तळहाताखाली होतं आणि तिला ते खोटं बोलून नको होतं.

तिनं हात काढला आणि ती आली त्या वाटेनं माघारी निघाली.

राईत शिरते न शिरते तोच पाठीमागून भिवाची दणदणीत हाक आली, "पोचलो!" पण सगुणा थांबली नाही.

तिचं गाव तिला राईतल्या फाट्यावर सापडलं. निम्मे म्हणत होते वाट डावीकडे आहे, निम्मे म्हणत होते उजवीकडे, आणि पोरं एका वारुळाभोवती घोळका करून उभी होती. सगळ्यांत मागे सासू काठी टेकत येत होती.

"हाक ऐकली आम्ही," पाटील लंगडत पुढे येऊन म्हणाले. "गेलं यंदाचंही. जाऊ दे, तू धावलीस तेवढं पुष्कळ."

"गेलं तर गेलं," सगुणा म्हणाली. "आता सगळे मिळून जाऊ. नीट जाऊ. उजवीकडे वळा." तिनं सासूच्या काखेत हात घातला. "आत्याबाई, माझ्यावर भार टाका."

मग अल्याड गाव असं चाललं की बघत राहावं. पाटलांना दोघांनी धरलं, कुणी दुसऱ्याचं पोर खांद्यावर घेतलं. सगुणानं पोरांना सांगितलं, "पानं वाजवत चला रे!" आणि सारी राई कुरकुर कुरकुर वाजू लागली. हरायचंच आहे तर रडत कशाला हरायचं, असं प्रत्येकाला वाटत होतं. राई संपली तेव्हा गावात कुणी पहिलं नव्हतं आणि कुणी शेवटचं नव्हतं.

आवळ्याखाली पाहतात तर भिवा एकटाच येरझारा घालत होता. त्याच्या गावाचा पत्ताच नव्हता. राईतला फाटा त्या काठालाही होता आणि म्होरक्या पुढे निघून गेल्यावर पल्याडची माणसं नेमकी चुकीच्या वाटेनं लांब गेली होती.

पाटकरी काठी टेकत उठला. "सगुणा, तू याच्याआधी आली होतीस. बुंध्याला हात लावलास, मी पाहिलं. मग हाक का नाही दिलीस?"

सगळं गाव सगुणाकडे वळलं. भिवानं तर आ वासला.

"काय सांगू आजोबा," सगुणा म्हणाली. "मी पोचले होते. आम्ही पोचलो नव्हतो."

म्हातारा भिवाकडे वळला. "आणि तू रे? तू 'पोचलो' म्हणालास. ते एकट्याचं की गावाचं?"

भिवानं आपल्या मागच्या रिकाम्या वाटेकडे पाहिलं. गावाचं, असं म्हणायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. पण तोही त्याच आईचा लेक होता.

"एकट्याचं," तो म्हणाला. "सगुणा मला पाठमोरी दिसली होती. मला वाटलं, दमली म्हणून परत चालली. माणसं आणायला चालली, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"मग गावाची हाक अजून पडलेलीच नाही," पाटकरी म्हणाला. "सगुणा, बघतेस काय? दे!"

सगुणानं एक हात बुंध्यावर ठेवला. दुसरा हात सासूच्या हातात होता, तो तिनं सोडला नाही.

"पोचलो!"

ती हाक अशी गेली की कालव्यावरचे बगळे उडाले. पोरांनी ती उचलली, बायकांनी उचलली, लंगड्या पाटलांनी उचलली. कित्येक वर्षांच्या गाठी मारलेल्या शिदोऱ्या आवळ्याखाली भराभरा सुटल्या.

"दादा," सगुणा भावाला म्हणाली, "जा, आपली माणसं शोधून आण. तोवर आमच्या चुली पेटतात. आणि आईला हाताला धरून आण. घाई करू नकोस, तुम्ही सगळे आल्याशिवाय पानं मांडणार नाही."

भिवा गेला. परत आला तेव्हा आईचा हात त्याच्या हातात होता आणि सगळ्यांच्या मागून चालत होता तो म्होरक्या.

पंगत बसली. सगुणानं भावाच्या पानात वांग्याची भाजी वाढली, भात वाढला, वर तुपाची धार सोडली. तिचा चेहराच सगळं बोलत होता. तोंडानं बोलली ती सासू. गुडघा विसरून ती सगुणाच्या आईसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "विहीणबाई, लेक तुमची खरी. पण आज सांगून ठेवते, अभिमान आम्हाला जास्त!"

त्या वर्षापासून दोन्ही गावांनी मिळून एक ठरवलं. म्होरक्या कुणीही असो, आवळ्यापाशी हाक द्यायची ती बाईनंच. कारण बाईच्या तोंडी त्या शब्दाला एकच अर्थ उरतो.

तात्पर्य एवढंच: पुढे जाणाऱ्याचं कौतुक जरूर करावं, पण मान द्यावा तो सगळ्यांना घेऊन पोचणाऱ्याला.